हलगेबाईंची झुरळं

मेलेल्या झुरळांना पुन्हा ठार मारणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी आहे ती. एका शनिवारी दुपारी पदर कमरेला खोचून, गाणं गुणगुणत, मी चाळीस बाटल्यांमधली झुरळं मारली. तशी ती आधीच मेलेली होती. पण मेल्यावरही त्यांचं एक काम शिल्लक होतं, आणि ते मी कायमचं बंद केलं. वर घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "आज हलगेबाईंचं कपाट लख्ख करून आले. आता तरी म्हातारी चार शब्द बरे बोलेल." म्हातारी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि मी एकोणतीस. आज माझे गुडघे मला त्या वाक्याची रोज आठवण करून देतात.

त्या शनिवाराकडे येतेच. पण आधी बाईंबद्दल सांगायला हवं, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते की हलगेबाई मला आवडत नव्हत्या. त्या आता नाहीत, म्हणून त्यांना गोड करून सांगायचं माझ्या जिवावर येतं. त्यांनाही ते रुचलं नसतं. गोडावर काय येऊन बसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आमचं कॉलेज आष्टीच्या बाजूला होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची मुलं आता संस्था चालवतात, आणि माझी सून तिथं नोकरीला आहे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गावात केबल आली होती, शांपू पुडीत मिळू लागला होता, एसटीडीच्या टपरीसमोर रांग लागत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की आपण आता पुढे निघालो. मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. पहिल्या दिवशी नखांना लाल रंग, अंगावर नवी फुलाफुलांची साडी. वाटलं होतं, हजेरीपटावर सही करायची आणि पंख्याखाली बसायचं.

समोर हलगेबाई. उंच, हाडकुळ्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यातलं लिंग. घर आडत दुकानदारांचं, सोमवारी कांद्याचं नाव काढायचं नाही असलं सोवळं. आणि या घरातली लेक दिवसभर झुरळांची पोटं फाडायची. संध्याकाळी त्यांची आई दारात बादली घेऊन उभी असायची. आधी अंगावर पाणी, मग उंबरा. बाई मुकाट्यानं पाणी घ्यायच्या. जगात त्या फक्त आईपुढे मुकाट असत.

"झुरळाला भितीस का?" त्यांनी मला विचारलं. नाव विचारायच्या आधी.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी टेबलावरच्या बरणीतून एक उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी स्टुलावर होते, मग स्टूल नव्हतं, मग मी जमिनीवर होते. बाई वाकून माझ्याकडे नाही, स्टुलाकडे बघत होत्या.

"खोटं बोललीस ते बोललीस," त्या म्हणाल्या, "वर सरकारी लाकूड मोडलंस."

तिथून आमचं वैर सुरू झालं. तसं ते एकतर्फी होतं, कारण वैर करायला समोरचा माणूस दिसावा लागतो, आणि बाईंना मी फारशी दिसत नसे. त्यांना ओट्याच्या फटी दिसत, नळाखालची ओल दिसत असे, भिंतीवरचे काळे ठिपके दिसत. लोणच्याची रिकामी बरणी त्यांच्या पिशवीत कायम. बरणीच्या गळ्याला आतून तूप चोळलेलं, तळाशी गुळात भिजवलेला पाव. झुरळ आत उतरतं, वर येताना तुपावरून घसरतं. घरचं लोणकढं तूप! आमच्याकडे तेव्हा लग्नाच्या पंगतीतसुद्धा डालडा वाढत होते, आणि ही बाई झुरळांना तूप लावत होती. गावातल्या हॉटेलांत, एसटीच्या कँटीनमध्ये, देवळाच्या भटारखान्यात त्या ही बरणी ठेवून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी उचलून आणायच्या. त्या रस्त्यानं निघाल्या की हॉटेलवाले गिऱ्हाईक सोडून फडकी मारायला लागत. पोरं त्यांना मागून 'झुरळीण' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. "बरंय की," त्या म्हणायच्या, "झुरळीण म्हणत का हुईना, ती कुठं जाती ते तरी बघत्यात."

त्यांचं एक वाक्य होतं. वर्गात, ऑफिसात, बाजारात, कुठंही तेच. "झुरळ कुठं बसलंय ते सांगू नका. कुठनं आलंय ते सांगा." माणसांच्या बाबतीतही तेच. कुणी कागाळी घेऊन आलं की बाई ती ऐकून घेत आणि विचारत, "हे कुठनं आलं?" सांगणारा आल्या पावली परत. मी स्वतः दोनदा तोंडावर पडले आहे.

एकदा आमच्या एका प्राध्यापकाच्या लग्नाला आम्ही लिंबागणेशला गेलो. पंगत बसली, वरण-भात वाढला, श्लोक झाला. मी पहिला घास उचलला तर शेजारी बाईंनी केसातला आकडा काढला होता. त्यांनी पानातून काहीतरी अलगद उचललं, ब्लाउजमधून छोटी बाटली काढली, त्यात टाकलं, बूच लावलं. इथवर ठीक होतं. मग मुलीच्या वडिलांना त्यांनी बोलावलं आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आचाऱ्यानं काल डाळ कुठं निवडून ठेवलती?"

पंगत थांबली. मुलीची आई रडायला लागली. आम्ही पाच जणी उपाशी पोटी एसटीत बसलो. मी दातओठ खात होते. मला त्या दिवशी जिलबी हवी होती. बाई खिडकीशी बाटली धरून आतल्या झुरळाचे पाय मोजत होत्या.

"पाचच हायत," त्या म्हणाल्या.

"मग?" मी चिडून विचारलं.

"मंग एक कुणाच्या तरी पानात ऱ्हायला."

वर्गात त्या झुरळ शिकवायच्या तेव्हा पुस्तकातली आकृती पाच मिनिटांत उरकत. मग जिवंत झुरळाची एक तंगडी चिमट्यात धरून दाखवत. "हे काटे बघा. संडासच्या चेंबरातनं चालताना त्याच्या काट्यांत जंताची अंडी अडकत्यात. पोटात जात्यात ती विष्ठेतनं जिवंत बाहेर पडत्यात. आवेचे जंतू बी तसेच. मंग हे साहेब तुमच्या कणकेवरनं फिरत्यात. पायपुसणं आपल्याला असतं. त्याला न्हाई." त्यांच्या तासानंतर पोरी डबे न उघडता परत नेत. मला वाटायचं, ही बाई मुद्दाम करते. दुसऱ्याचा घास कडू करण्यात हिला गोडी आहे. खरं सांगायचं तर अजूनही मला थोडं तसंच वाटतं.

आता वसतिगृह. कॉलेजच्या मागे मुलींचं वसतिगृह होतं. त्यात आठ पोरी ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या होत्या. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन कारखान्यावर जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तेवढे महिने गावाकडे घराला कुलूप. वसतिगृह नसेल तर पोरींनी आईबापाच्या मागे उसाच्या फडात जायचं. त्यांच्यात सुमन गडदे नावाची एक मुलगी होती, मेंढपाळाच्या घरातली, बारावी सायन्सला. काळीसावळी, बुटकी, आणि हुशार अशी की बाईंनाही कधीकधी तिला "बरोबर" म्हणावं लागायचं. हलगेबाईंकडून 'बरोबर' मिळवणं म्हणजे काय ते मला विचारा. मला एकदाही मिळालं नाही.

त्या दिवाळीनंतर वसतिगृहातल्या पोरी आजारी पडल्या. पोटात मुरडा, आव, एकीच्या जुलाबातून जंत पडले. संस्थेचे सचिव भाऊसाहेब आले, स्वयंपाकघरात गेले, पिठाच्या डब्यामागं त्यांना बारकी बारकी झुरळं दिसली. त्यांनी शहरातून एक औषधवाला बोलावला. तो म्हणाला, मोठं तपकिरी झुरळ गटारातलं असतं. हे बारकं वेगळ्या जातीचं, घरातलं, ते पेट्या-खोक्यांतून प्रवास करतं. झालं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस: ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या पत्र्याच्या पेट्यांतून वसतिगृहात किडे व रोग आले आहेत, सबब त्या आठ मुलींनी जानेवारीअखेर जागा सोडावी.

सुमनची बोर्डाची परीक्षा त्यानंतर महिन्याभरावर होती.

बाई तडक भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. रजिस्टर द्यायला मीही तिथंच उभी होते.

"ती बारकी मोठ्यांचीच पिलं हायत," बाई म्हणाल्या. "तुमचं संडासचं चेंबर फुटलंय, ते मोरीच्या पायपात उघडतंय. तिथनं येत्यात."

"मॅडम, औषधवाला तर वेगळं म्हणतो."

"औषधवाला औषध विकतो."

"आणि तुम्ही काय पुरावा देता?"

"माझा डोळा."

भाऊसाहेब हसले. त्यांचं हसणं फार सभ्य होतं, त्यामुळे त्याचा राग जास्त यायचा. "डोळ्याला संस्था पैसे देते मॅडम, पण डोळा फायलीला लावता येत नाही."

बाईंनी पिलं वाढवून दाखवली असती, पण त्या जातीला मोठं व्हायला वर्ष लागतं. नोटीस दीड महिन्याची. मग त्यांनी पुण्याला फोन केला. त्यांची एक वर्गमैत्रीण तिथल्या प्रयोगशाळेत होती, आणि तिथं तेव्हा किड्याच्या एका पायातून त्याचा डीएनए काढून वाचायला सुरुवात झाली होती. पाय कुणाचा, कुठल्या जातीचा, कुठल्या वंशातला, सगळं कळतं म्हणे. लहान-मोठं दिसण्याचा प्रश्नच नाही. बाईंनी तीन आठवडे झुरळं गोळा केली. वसतिगृहाच्या पिठामागची बारकी, चेंबरमधली मोठी. बाटलीत एकेक, वर चिठ्ठी, आणि आत निर्जळ अल्कोहोल, जे आम्हाला परवान्यावर मोजून मिळायचं आणि ज्याला आम्ही सगळे नुसतं 'स्पिरिट' म्हणायचो. सोमवारी शेखमामू त्या चाळीस बाटल्या घेऊन पुण्याला जाणार होते.

शेखमामू आमचे जुने शिपाई. त्यांनी मला लागल्या दिवशी प्रयोगशाळेची रीत शिकवली होती: "मॅडम, शनिचर को सब बरनियाँ देखनेका. पानी उतऱ्या तो फॉर्मलीन डालनेका. मुर्दा सडता नै." बेडूक, साप, गोचिडी, दोन तोंडांचं वासरू, सगळं फॉर्मलीनमध्ये. पन्नास वर्षांची रीत.

त्या शनिवारी मामू रजेवर होते. बाई चेंबरपाशी. मी एकटी. बाईंच्या कपाटावर कागद होता, 'हात लावू नये'. मला वाटलं तो पोरांसाठी आहे. उघडलं तर बाटल्यांतली पातळी उतरलेली, बुचं कापसाच्या बोळ्यांची. मला दया आली, हो, बाईंची! म्हटलं, एवढी हुशार बाई आणि मुर्दे सडायला ठेवले आहेत. मी सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि काठोकाठ फॉर्मलीन भरलं. काढलेलं स्पिरिट टाकून द्यायला मन होईना. मी काटकसरी घरातली. ते मी स्पिरिटच्या दिव्यांत ओतलं. बारा दिवे भरले. टेबलावर ओळीनं मांडून ठेवले, बाईंना दिसावेत म्हणून.

सोमवारी बाईंनी कपाटाचं दार उघडलं आणि अर्ध्यातच त्यांचा हात थांबला. त्यांनी नाक वर केलं. फॉर्मलीनचा वास लपत नाही, डोळ्यांत पाणी आणतो.

"किती?" त्या म्हणाल्या.

"सगळ्या," मी अभिमानानं म्हणाले.

"आन् आत व्हतं ते?"

मी दिव्यांकडे हात केला. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी शाबासकीची वाट बघत होते. तोंड सुद्धा तसं करून ठेवलं होतं.

बाईंनी एक बाटली उचलली, उजेडाला धरली, खाली ठेवली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

"ह्या पायांत पुस्तक व्हतं," त्या म्हणाल्या. "पुण्याला ते वाचणार व्हते. फॉर्मलीननं पानं एकमेकांला चिकटत्यात. तू खळ लावून आख्खं पुस्तक चिकटवलंस. आता कोण उघडतंय ते?"

"पुन्हा पकडू की बाई. मी मदत करते."

"कुठनं? काल रविवारी औषधवाला येऊन फवारून गेलाय. वसतिगृहात मुंगी सुदिक न्हाई."

मग त्यांनी बारा दिवे एकेक करून पेटवले. सगळे. निळ्या ज्योती उजेडात दिसतही नव्हत्या. म्हणाल्या, "बस हितं. संपस्तवर बघ." आणि दार ओढून गेल्या. मी तास न् तास बसले, आणि मनातल्या मनात त्यांना जे जे म्हटलं ते लिहिता येणार नाही.

चार दिवसांनी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. संक्रांत होऊन गेली होती.

"भाऊसाहेबांच्या बंगल्याची मोरी कुठं उघडती ठावं हाय?"

"नाही."

"त्याच चेंबरात. आन् त्या बंगल्यात ऊसतोडीच्या पोरीची पेटी कधी गेली?"

"कधीच नाही."

"मंग त्या घरात बारकी निघाली आन् ती माझ्या चेंबरातल्यांच्या वंशातली निघाली, तर कुठनं आली म्हनायची?" चेंबरमधली मोठी त्यांनी टेबलाखाली पिंपात जिवंत पाळली होती, ती तेवढी माझ्या हातून वाचली होती. "पुढल्या शुक्रवारी वहिनीसाहेबांचं हळदीकुंकू हाय. मला बोलावत न्हाईत. तुला बोलावत्यात."

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. हळदीकुंकवाला फक्त सवाष्णी. कॉलेजातल्या सगळ्या बायका दरवर्षी त्यांच्या समोरून नटून निघायच्या, आणि मीही निघायचे, मुद्दाम थोडी हळू.

"बाई, मला झुरळाची भीती वाटते!"

"कुंकू हाय ना तुला? आजवर नुसतं मिरवलंस. आता कामाला लाव."

शुक्रवारी मी काळी साडी नेसून बंगल्यात गेले. गावातला पहिला सनमायकाचा ओटा तिथं होता, खाली बंद कपाटं, सगळ्या बायका कौतुकानं हात फिरवत होत्या. वहिनीसाहेबांनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या बायकोनं, वाण दिलं: हिरव्या झाकणाचा प्लॅस्टिकचा घट्ट डबा. तेव्हा ती फार मोठी चीज होती. मी तीन तिळाचे लाडू खाल्ले, घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलं, आणि कुणी आणून द्यायच्या आत स्वतःच आत गेले. नळाखालचं कपाट उघडलं. आत पायपाभोवती ती बसली होती. बारकी, चमकती, मिशा हलवत, जणू पंगतच.

मी वाणाचा डबा उघडला. डोळे मिटले. हात घातला.

"काय शोधतेस गं?" मागे वहिनीसाहेब.

"कानातलं पडलं, वहिनीसाहेब."

त्या भल्या बाईनं कमरेत वाकून माझ्यासोबत शोधायला सुरुवात केली. डब्यात सहा जमली होती, सातवं माझ्या मुठीत होतं आणि बोटांमधून बाहेर बघत होतं. "जाऊ द्या, सापडलं," मी म्हणाले. त्यांनी दारातच पुन्हा मला कुंकू लावलं, म्हणाल्या, "गोड बोल हो." मी मूठ आवळून म्हणाले, "हो."

बाईंनी डबा उजेडाला धरला. "सात? एवढ्या येळात? गप्पा मारत बसलीस व्हय?"

त्याच दुपारी त्यांनी त्या सातांतल्या दोघांचे पाय धुतले आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मला बोलावलं. लंबगोल, तपकिरी, खडबडीत सालाचं काहीतरी दिसलं.

"जंताचं अंडं. पोरींच्या पोटात निघालं तसलंच. लाडू किती खाल्लेस?"

"तीन."

"मंग दोन महिन्यांनी सांग मला."

त्यांच्या कुलपात निर्जळ अल्कोहोलची एकच छोटी बाटली शिल्लक होती. उरलेली झुरळं आणि चेंबरमधली चार त्यात घालून शेखमामू पुण्याला गेले. पहिल्या खेपेसाठी मैत्रिणीनं पंधरा दिवसांत वाचून द्यायची पाळी धरली होती, ती हुकली, आता महिना लागणार होता. माझ्या शनिवारानं पहिली खेप बुडवली नसती तर कागद नोटिशीच्या आत आला असता. आता येणार नव्हता. बाईंनी भाऊसाहेबांना सूक्ष्मदर्शकातलं अंडं बघायला बोलावलं. ते आले नाहीत. मुदत मागितली; आईबापांना पत्रं गेली आहेत म्हणाले.

पत्र पोचलं होतं. सुमनचा बाप कारखान्यावरून तिला न्यायला आला. पायात टायरच्या चपला, हातांना उसाच्या पात्याचे काप. सुमन पेटी बांधून व्हरांड्यात पुस्तक वाचत बसली होती. बाई गेल्या. मी खांबामागे.

"पोरीला नेऊ नका," बाई म्हणाल्या. "महिन्याचाच प्रश्न हाय. माझ्या घरी ठेवते."

त्यानं सुमनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बाई, तुमचा राग न्हाई. पर मागल्या रविवारी ती तुमच्या घरी वही द्यायला गेलती. तुमच्या आईनं तिला वट्यावरच पानी पाजलं. वरनं. आत या म्हनल्या न्हाईत. तिनं मला सांगितलं. महिनाभर पोरगी वट्यावर ठिवू काय?"

 बाईंचा हात गळ्यातल्या करंड्यावर गेला आणि तिथंच राहिला. सुमननं पुस्तक पेटीत ठेवलं, पेटी डोक्यावर घेतली आणि बापाच्या मागे निघाली. वळून बघितलं नाही. फाटकाशी मी तिला म्हटलं, "परत येशील गं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यानंतर कुणालाही ते वाक्य म्हटलेलं नाही.

कागद फेब्रुवारीच्या शेवटी आला. संस्थेच्या बैठकीत बाईंनी तो उभं राहून वाचला. मी पाणी द्यायला होते.

"चेंबरातली मोठी आन् एका घराच्या ओट्याखालची बारकी, एकाच जातीची. नुसत्या जातीची न्हाई, वंश बी तोच, अक्षर न् अक्षर जुळतंय. बारक्यांच्या पायाला जंताची अंडी."

"एका घराच्या म्हणजे कुणाच्या?" एक सभासद म्हणाला.

"ज्या घरात ऊसतोडीची एकबी पेटी गेली न्हाई, त्या घराच्या. नाव सांगू का, भाऊसाहेब?"

भाऊसाहेब हसले नाहीत. "नको," म्हणाले. त्यांना कसं कळलं ते मला कळलं नाही. पण त्यानंतर मला त्या बंगल्यावर हळदीकुंकवाचं बोलावणं कधी आलं नाही.

दोन दिवसांत चेंबर खोदलं. बाई म्हणाल्या होत्या तस्संच फुटलं होतं. पोरींना परत बोलावणं गेलं. सात आल्या. सुमनसाठी बाई स्वतः कारखान्यावर गेल्या. पाचटाच्या कोप्यांमधून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांमधून, नाव विचारत दीड दिवस फिरल्या, हे मला शेखमामूंनी सांगितलं. सुमन सापडली. तिचं आठ दिवसांपूर्वी लग्न लावून दिलं होतं, फडातच, दुसऱ्या टोळीतल्या पोराशी. पोरगी घरी नाही आणि वसतिगृहातही नाही, तर बापानं ठेवायची कुठं? परीक्षेचा पहिला पेपर त्या दिवशी होता.

बाई परत आल्या तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "काचपट्ट्या धू," त्या म्हणाल्या. मी सात वर्षं त्यांच्या हाताखाली काचपट्ट्या धुतल्या. त्यांनी त्या शनिवारचा विषय काढला नाही आणि मला काढू दिला नाही. माझी बदली व्हावी म्हणून मी दोनदा अर्ज केला. दोन्ही अर्जांवर बाईंनी शेरा मारला होता: 'कामाची आहे. सोडू नये.' याला प्रेम म्हणणारी माणसं आहेत. मी सूड म्हणते.

पुढच्या वर्षी त्यांच्या घरी ऊसतोडीच्या दोन पोरी राहायला आल्या. आत, माजघरात. त्यांची आई थोरल्या मुलाकडे निघून गेली ती परत आली नाही, मरेपर्यंत लेकीशी बोलली नाही. याबद्दल बाईंच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते आष्टीच्या स्टँडवर. त्या रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. कपाळाचे पट्टे थोडे वाकडे ओढलेले. बाकावर बसून त्या कँटीनच्या कपाटाखालच्या अंधाराकडे एकटक बघत होत्या. माझ्या कडेवर नातू होता. मला वाटलं, आता वय झालं दोघींचं, आता बोलून टाकावं. मी शेजारी बसले. डोळ्यांत पाणी मी आधीच तयार ठेवलं होतं.

"बाई," मी म्हणाले, "त्या शनिवारबद्दल मला तुम्ही माफ करा."

त्यांनी नातवाचे हात उलटेसुलटे करून नखं बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या:

"मला कशापायी सांगतीस? माझी नुसती झुरळं गेली. जिचं वर्ष गेलं ती कडा गावाला राहती, तीन लेकरं, चार म्हशी. एकची गाडी हाय. आन् रडायचं आसंल तर हितंच रडून घे, तिला असलं बघायला येळ नसतो."